पत्रा, पुर्जे आणि पासिंग

ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला आणि लोकल वाशीला पोहोचली ती १९९२ साली. मधली १९ वर्षे नवी मुंबई रबरी चाकांवर जगली. या शहरात राहताना मला सतत जाणवते, की आपण पुलांचा, इमारतींचा इतिहास लिहितो. पण लाखो किलोमीटर पळालेल्या गाड्या चालत्या कुणी ठेवल्या, याचा इतिहास लिहीत नाही. तो शोधायचा तर खाडीपलीकडच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीकडे, म्हणजे प्रीमियर पद्मिनीकडे पाहावे लागते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. नाव बदलले, गाडी फारशी बदलली नाही. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन तेच राहिले. परवाना राजमध्ये स्पर्धाच नव्हती, त्यामुळे बदलण्याची निकड कारखान्याला वाटली नाही. याला आपण कुंठितावस्था म्हणतो आणि ते खरेच आहे. पण त्याच कुंठिततेने गाडीला दीर्घायुष्य दिले, हे माझे म्हणणे आहे. एका गाडीचे बहुतेक पुर्जे कित्येक वर्षे नव्या असलेल्या दुसऱ्या गाडीला बसत. ज्या कुर्ल्यात ती जन्मली, त्याच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात मेलेल्या गाड्यांचे अवयव जिवंत गाड्यांना मिळत.

टॅक्सी पुष्कळदा दोन पाळ्यांत चाले. दिवसा एक चालक, रात्री दुसरा. खासगी मोटारीला जे अंतर कापायला दहा वर्षे लागत, ते ती दोन-तीन वर्षांत कापी. रिंगा झिजल्या, धूर येऊ लागला, इंजिन ऑइल पिऊ लागले, की इंजिन खोलले जाई. सिलिंडरचे बोअरिंग करून किंचित मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे. भिंत पातळ झाली, की आत नवी स्लीव्ह ठोकायची. क्रँक घासून बेअरिंग बदलायचे. मधल्या काळात वेळेवर ऑइल, ग्रीस आणि टॅपेट सेटिंग. अशा तऱ्हेने एकच इंजिन अनेकदा नवे होई.

खरा शत्रू इंजिनात नव्हताच. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तो पत्रा खालून खाई. म्हणून जुन्या पद्मिनीचे आयुष्य मेकॅनिकइतकेच वेल्डरच्या आणि डेंटिंगवाल्याच्या हातात असे. पासिंगचा दिवस जवळ आला, की सडलेला तळ कापून ठिगळ लावले जाई, वर नवा रंग चढे. हे ठिगळ किती भरवशाचे, हा प्रश्न मात्र रंगाखाली झाकला जाई. देखभालीचा गौरव करताना हेही विसरता येत नाही, कारण मागच्या सीटवर प्रवासी बसलेला असे.

शहराच्या हवेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावे लागले. सिलिंडरने डिकी अडवली, बॅगा टपावरच्या कॅरियरवर चढल्या. पुढे सरकारने टॅक्सीच्या वयाची मर्यादा २००८ मध्ये २५ वर्षे ठरवली आणि २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायद्याने उतरली.

कायदा वर्षे मोजतो, गॅरेज झीज मोजते. दोन पाळ्यांत पळालेली टॅक्सी आणि सोसायटीच्या आवारात उभी राहिलेली मोटार कॅलेंडरला सारखीच दिसते. क्रांतीनंतर नव्या अमेरिकन मोटारी येणे थांबलेल्या क्यूबात १९५० च्या दशकातल्या गाड्या आजही पळतात. तिथे गरजेने कारागीर घडवले. आपल्याकडेही ते घडले होते. मात्र धूर आणि सुरक्षितता हे प्रश्न केवळ कारागिरीने सुटत नाहीत, म्हणून वयोमर्यादा सरसकट चुकीची होती असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप सोयीच्या मोजमापाला आहे. पत्र्याचा तळ, ब्रेक आणि धूर कसून तपासणारे पासिंग असते, तर दुर्लक्षित गाडी विसाव्या वर्षाआधीच थांबली असती आणि जपलेलीला जपल्याचे फळ मिळाले असते.

आज नवी मुंबईतही खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. पण त्याआधीच अनेक गाड्या दुसऱ्या कारणाने संपतात. मॉडेल बंद होते, बंदिस्त इलेक्ट्रॉनिक युनिट मिळत नाही आणि गॅरेजवाल्याला ते उघडून दुरुस्त करता येत नाही. पद्मिनीने शिकवलेला धडा इतकाच, की ऑइल वेळेवर बदलणे मालकाच्या हाती असते, पण गाडी किती जगणार हे पुर्जा किती वर्षे मिळतो आणि तो दुरुस्त करणारा हात शिल्लक आहे का, यावर ठरते.