तोतया देह

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊ पडले. पण पुष्कळांची खात्री पटली नाही. पुढे सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, आणि १७७६ साली त्याचा निकाल लागला. त्याची पारख अवघड झाली, कारण ताडून पाहावयास खरा देह उरला नव्हता.

वैद्यकातही एक तोतया आहे. इंग्रज त्याला ‘फँटम’, म्हणजे भूत म्हणतात. आपला ‘तोतया’ त्याहून चपखल. फरक एवढाच की, याच्या पोटात काय आहे हे आधीच ठाऊक असते, आणि परीक्षा त्याची नसून यंत्राची असते. शरीराचा मऊ भाग क्ष-किरणांना साधारण पाण्याइतकाच अडवितो. म्हणून माणसाच्या जागी पाण्याचे पात्र आले. पुढे खऱ्या अस्थिपंजराभोवती मांसासारखे द्रव्य ओतून देह घडविले गेले. १९७१ साली हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००. पाण्याचे पात्र वीस दाखवू लागले, तर दोष पाण्याचा नव्हे. १९७४ मध्ये शेप व लोगन यांनी पात्रही टाकले: दहा लंबवर्तुळांचे निव्वळ गणिती मस्तक! चित्र जुळविण्याच्या रीती आजही त्यावर तपासतात.

हा तोतया चुकविला, तर निरोगी माणसाच्या अंगी गाठ दिसते, किंवा असलेली दिसत नाही. म्हणूनच १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने क्ष-किरण यंत्रांची ठराविक काळाने तपासणी सक्तीची केली आहे. पानिपतच्या रुग्णालयांनाही ती चुकत नाही.