जुन्या वूफरची परीक्षा

मुंबईच्या चोरबाजारांत जुन्या रेडिओंच्या आणि ग्रामोफोनच्या ढिगांत कधीं कधीं एखादा मोठा कागदी शंकु असलेला लाउडस्पीकर हातीं लागतो. शंकूचा व्यास पंधरा इंच, मागें लोखंडाचा मोठा गड्डा, सांगाड्यावर गंजाचा थर, आणि कारखान्याच्या नांवाची पट्टी केव्हांच गळून पडलेली. विकणारा तो 'लढाईपूर्वीचा अमेरिकन माल' म्हणून पुढें करतो. घेणारा हौशी गृहस्थ तो हातांत तोलून पाहतो आणि जड लागला म्हणून खूष होतो. दोघांच्याहि परीक्षेंत फारसें तथ्य नसतें. पुष्कळदां तो गृहस्थ घरीं येऊन आंत काय आहे हें पाहण्यासाठीं मागचे स्क्रू काढतो, आणि ज्या गुणासाठीं ती वस्तु आणली तो गुणच त्या एका क्षणांत उणावतो. घोड्याचें वय त्याच्या दांतांवरून ठरवितात. त्यासाठीं घोडा कापावा लागत नाहीं. जुन्या वूफरची परीक्षाहि अशीच अंगलक्षणांवरून करावयाची असते, आणि तीं लक्षणें समजण्यास या यंत्राचा इतिहास थोडासा माहीत असावा लागतो.

वूफर हें नांव इंग्रजींत कुत्र्याच्या भुंकण्याच्या आवाजावरून पडलें. बारीक सुरांच्या ट्वीटरला तें पक्ष्यांच्या चिवचिवाटावरून मिळालें. खर्जाचे सूर उमटविण्याचें काम ज्या मोठ्या शंकूकडे असतें तो वूफर. त्याचें मूळ तत्त्व मात्र नांवाहून पुष्कळ जुनें आहे. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमधील अरुंद फटींत तारेचें हलकें वेटोळें टांगावयाचें व त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडावयाचा, म्हणजे तें वेटोळें मागेंपुढें हलूं लागतें आणि त्यास चिकटविलेला पडदा हवेला धक्के देतो. जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर सीमेन्स यानें अशा हलत्या वेटोळ्याचें पेटंट १८७४ सालीं घेतलें. इंग्लंडांत सर ऑलिव्हर लॉज यांनीं १८९८ सालीं घेतलें. परंतु क्षीण प्रवाह बलवान् करणारी निर्वात नळी तेव्हां अस्तित्वांत नव्हती, त्यामुळें दोन्हीं पेटंटें कागदावरच राहिलीं. पुढें कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं डेन्मार्कहून आलेला पीटर जेन्सन आणि त्याचा सहकारी एडविन प्रिडहॅम यांनीं हें वेटोळें कर्ण्याच्या मागें बसविलें, आणि १९१५ च्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथील प्रचंड जमावास त्याचा आवाज ऐकविला. १९१९ सालीं अध्यक्ष विल्सन यांचें सॅन डिएगो येथील भाषण अशाच कर्ण्यांनीं हजारों लोकांच्या कानांपर्यंत पोहोंचविलें. मराठींत लाउडस्पीकरास 'कर्णा' म्हणतात तो या आकारामुळें. घरांतून तो आकार गेला, तरी शब्द टिकला.

कर्णा घालवून शंकु आणला तो अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत वूफरच्या रचनेचें सारें बीज आहे. कागदाचा ताठ शंकु, त्याचा काठ मऊ, त्याच्या टोकाशीं वेटोळें, आणि शंकूभोंवतीं रुंद फळी. फळी कशासाठीं? शंकु पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. फळी नसेल तर खर्जाच्या सुरांत पुढची हवा वळसा घेऊन मागें जाते आणि सूर तेथल्या तेथें विरून जातो. सुटा लाउडस्पीकर टेबलावर ठेवून वाजवून पाहणारे लोक त्यास निर्जीव ठरवितात, तें याच अज्ञानामुळें. राइस आणि केलॉग यांची रचना रेडिओला क्रमांक १०४ या नांवानें बाजारांत आली. आंतच प्रवाहवर्धक बसविलेल्या त्या पेटीची किंमत सुमारें २५० डॉलर होती.

आतां पहिलें लक्षण. त्या काळचे पोलादी चुंबक दुबळे असत, म्हणून फटींतील चुंबकत्व कायमच्या चुंबकानें न देतां विजेनें देत. लोखंडी गाभ्याभोंवतीं बारीक तारेचे हजारों वेढे गुंडाळून त्यांतून डी. सी. प्रवाह सोडीत, या मोठ्या वेटोळ्यास फील्ड कॉइल म्हणतात. १९३० नंतरच्या दशकांतील घरगुती रेडिओंत यंत्रकारांनीं त्यापासून आणखी एक काम करून घेतलें. घरांतील ए. सी. विजेपासून डी. सी. प्रवाह केला कीं त्यांत गुणगुण राहते. ती गाळण्यासाठीं चोक नांवाचें वेटोळें लागतें. फील्ड कॉइल हेंच चोक म्हणून वापरलें, म्हणजे निराळ्या चोकचा खर्च वांचला. एवढ्यानें भागलें नाहीं तेव्हां मधल्या खांबावर थोडे उलटे वेढे देऊन शंकूच्या वेटोळ्याशीं जोडले, आणि उरलीसुरली गुणगुण तिच्याच उलट बाजूनें मारली. काटकसरीचें असें सुंदर उदाहरण यंत्रशास्त्रांत क्वचितच सांपडेल.

असा वूफर ओळखणें सोपें आहे. वीज बंद असतांना मागच्या गड्ड्यास लोखंडी स्क्रू लावला तर तो जेमतेम चिकटतो किंवा गळून पडतो. शंकूकडे जाणाऱ्या दोन तारांखेरीज आणखी दोन तारा गड्ड्यांतून बाहेर येतात. त्यांचा अवरोध मोजला तर तो शेंकडों किंवा हजारों ओहम भरतो, तर शंकूच्या वेटोळ्याचा केवळ कांहीं ओहम. ही गोष्ट ठाऊक नसलेला कारागीर 'चुंबक मेला आहे' असें म्हणून तो वूफर भंगारांत टाकतो, किंवा त्या जागीं नवा कायम चुंबकाचा बसवितो. मग गाळणारें वेटोळेंच नाहींसें झाल्यामुळें सबंध रेडिओ मुका होतो, आणि दोष बिचाऱ्या निर्वात नळ्यांवर येतो. या तारांवर मोठा दाब असतो, म्हणून रेडिओ चालू असतांना तेथें बोट लावणें जिवावर बेतावयाचें, हेंहि विसरतां कामा नये.

वूफर हा स्वतंत्र प्राणी झाला तो बोलपटगृहांत. एका शंकूनें मृदंगाचा घुमारा आणि झांजेचा खणखणाट हीं दोन्हीं सारख्याच इमानानें ऐकविणें कठीण. जड शंकूला झांज झेपत नाहीं, हलक्याला मृदंग. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या ध्वनिविभागाचा प्रमुख डग्लस शिअरर यानें १९३६ मध्यें जॉन हिलियर्ड, जेम्स लॅन्सिंग इत्यादिकांच्या साहाय्यानें खर्जासाठीं पंधरा इंची शंकु आणि वरच्या सुरांसाठीं निराळे कर्णे अशी जोडव्यवस्था सिद्ध केली, आणि तिला ॲकॅडमीचें वैज्ञानिक पारितोषिक मिळालें. तिच्यांतील खर्जाचे शंकु फील्ड कॉइलचेच होते. अशा बोलपटगृही वूफरचा शंकु उथळ चुण्यांच्या कागदी काठानें ताठ बांधलेला असतो. बोटांनीं हळूच दाबला तर फारच थोडा हलतो.

दरम्यान जपानांत दुसरें काम चाललें होतें. कोतारो होंडा यांनीं १९१७ सालीं कोबाल्टयुक्त पोलादाचा बलवान् चुंबक केला होता. १९३१ सालीं तोकुशिची मिशिमा यांनीं लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणापासून त्याहून चिवट चुंबक काढला. या मिश्रणाच्या वंशांतूनच अल्निको निघाला. त्याची पांचवी जात १९४० च्या सुमारास सिद्ध झाली, आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर तिनें फील्ड कॉइलला घराघरांतून हुसकून लावलें. त्यापूर्वींचे, १९३० नंतरचे इंग्रजी कायम चुंबक कोबाल्टच्या पोलादाचे असत, आणि दुबळेपणा भरून काढण्यासाठीं खेंकड्याच्या नांग्यांसारखे मोठे करावे लागत. अल्निकोचा लहानसा ठोकळा तेंच काम करी. तेव्हां वजनावरून चुंबकाची प्रत ठरविणारा ग्राहक जुना दुबळा चुंबक घेऊन नवा बलवान् चुंबक सोडून जाई, हें उघड आहे.

अल्निकोचा ठोकळा बहुधा मध्यभागीं असून त्याभोंवतीं लोखंडाची वाटी किंवा कमान असते. लोखंडाचें हें कडें पुरें असेपर्यंतच त्याचें बळ टिकतें. वरचा पत्रा काढून कडें तोडलें कीं अल्निको स्वतःच्याच उलट्या क्षेत्रानें बराचसा दुबळा होतो, आणि पत्रा परत जसाच्या तसा बसविला तरी गेलेलें बळ परत येत नाहीं. सबंध गड्डा पुन्हां चुंबकित करण्याच्या यंत्रावर न्यावा लागतो. प्रारंभीं सांगितलेल्या गृहस्थाच्या हातून होतें तें हेंच. शिवाय वेटोळें ज्या फटींत हलतें ती केसाच्या कांहीं पटींइतकीच रुंद. एकदां सरकली कीं शंकु खरखरूं लागतो.

तिसरा चुंबक मातीच्या भांड्याच्या जातीचा आहे. हॉलंडांतील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेनें १९५२ सालीं बेरियम आणि लोहाच्या ऑक्साइडापासून भाजून केलेला फेराइट चुंबक जाहीर केला. तो स्वस्त, पण बळ कमी. म्हणून तो जाड, काळसर कड्यासारखा करून दोन लोखंडी पत्र्यांमध्यें धरतात. भाकरीएवढें रुंद कडें मागें दिसलें कीं फेराइट समजावा. कडें झांकलेलें असेल तर स्क्रू कडेनें फिरवून पाहावा: फेराइटच्या कुशीस तो जोरानें ओढला जातो, वाटींत बंद असलेल्या अल्निकोच्या कुशीस फारसा नाहीं. चांगल्या वूफरांत अल्निको बरींच वर्षें टिकून होता. परंतु त्याच्या पांचव्या जातींत सुमारें चोवीस टक्के कोबाल्ट असतो, आणि १९७८ सालीं झाईरमधील खाणींच्या शाबा प्रांतांत बंडाळी होऊन कोबाल्टचे भाव भडकले. थोड्याच काळांत लॅन्सिंगच्या नांवानें चालणाऱ्या जे. बी. एल. कंपनीनेंहि फेराइट पत्करला; तिच्या २२३१ क्रमांकाच्या वूफरपुढें 'ए' असेल तर अल्निको व 'एच' असेल तर फेराइट, एवढ्या एका अक्षरांत आफ्रिकेंतील त्या घडामोडीची नोंद राहिली आहे.

शंकूची साक्ष यापेक्षां कमी भरंवशाची. प्रारंभीचे शंकु कागद कापून, वळवून, एका शिवणीवर चिकटवीत; पुढें कागदाचा लगदा जाळीच्या साच्यावर बसवून बिनशिवणीचे होऊं लागले. तरी शिकागोच्या जेन्सन कारखान्यानें कांहीं जातींत शिवणीचे शंकु युद्धानंतरहि चालू ठेविले, म्हणून शिवण दिसली कीं वूफर जुनाच असें म्हणतां येत नाहीं. वेटोळें मध्यभागीं धरून ठेवणाऱ्या स्पायडरचें लक्षण अधिक उपयोगी आहे: अगदीं जुन्या वूफरांत तो शंकूच्या तोंडांत, समोरूनच, एका स्क्रूनें बसविलेला दिसतो, नंतरच्यांत तो चुण्या घातलेल्या कापडाचा होऊन शंकूच्या मागें गेला. काठ मऊ आणि शंकु जड असून बोटानें सहज आंत जात असेल, तर तो एडगर व्हिलचर याच्या वंशांतला. व्हिलचरनें १९५४ सालीं हवाबंद लहान पेटींतील हवेलाच स्प्रिंग बनविलें. त्याचा वूफर त्या पेटीबाहेर काढून फळीवर बसविला तर बेताल होतो. १९७० च्या सुमारास अशा वूफरांचे काठ पुष्कळ ठिकाणीं पॉलियुरेथेन फोमचे होऊं लागले. दमट हवेंत त्या फोमचा चुरा होतो. तेवढ्यावरून सबंध वूफर फेंकून देणें म्हणजे बाही उसवली म्हणून सदरा टाकण्यासारखें आहे; काठ तेवढा नवा लावतां येतो.

राहिला आंकडा. अमेरिकेंतील रेडिओ-कारखानदारांच्या संघटनेनें प्रत्येक कारखान्यास एक संख्या नेमून दिली होती: जेन्सनला २२०, रोलाला २८५, यूटाला ३२८, ऑक्सफर्डला ४६५. सांगाड्याच्या कांठावर २२०७३२ असें उमटलें असेल, तर पहिले तीन आंकडे जेन्सनचे, पुढचा ७ वर्षाचा शेवटचा आंकडा, आणि ३२ हा आठवडा. पण वर्ष कोणतें? १९४७, १९५७ कीं १९६७? आंकडा येथें मुका होतो, आणि रचनेला बोलावें लागतें. मागें फेराइटचें कडें असेल तर १९४७ अशक्य, कारण तो चुंबक तेव्हां जन्मलाच नव्हता. फील्ड कॉइल असेल तर बहुतेक १९४७. अल्निको असेल तर पेच राहतो. मग सांगाड्यावर बसविलेल्या ट्रान्सफॉर्मरवर त्याच पद्धतीचा आंकडा आहे का तें शोधावें. जेन्सनच्या जातिनामांत आरंभीं 'पी' असेल तर अल्निको आणि 'सी' असेल तर फेराइट, हेंहि उपयोगी पडतें. मात्र हा आंकडा सांगाड्याचा आहे, शंकूचा नव्हे. फाटलेला शंकु बदलून नवा घातलेला असला तर जुन्या सांगाड्यांतून नवाच आवाज निघतो. काठाखालीं जुन्या सरसाच्या थरावर निराळ्या रंगाचा सरस दिसला कीं ही गोष्ट उमगते. म्हणून जाणते लोक जुना शंकु फाटला तर बदलीत नाहींत; पातळ कागदाची पट्टी सरसानें लावून जोडतात.

चोरबाजारांतील त्या पंधरा इंची शंकूकडे या दृष्टीनें पाहिलें तर त्याच्या गड्ड्यास स्क्रू चिकटत नाहीं, कांठावर आंकडा नाहीं, स्पायडर समोर दिसतो, आणि तारा चार आहेत. विकणाऱ्याचें 'लढाईपूर्वीचा' हें बोलणें खरेंच निघतें, जरी तें त्यानें प्रत्येक वस्तूबद्दल म्हटलेलें असतें.