दहाची जुडी

मराठीत आकडा आणि त्याचं नाव यांचं नेहमी जुळतंच असं नाही. २५ लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग पाच. म्हणताना मात्र आधी 'पंच' आणि मग 'वीस'. २९ मध्ये तर ऐकू येतं 'तीस', आणि लिहिलेल्या आकड्यात तीन कुठे दिसतच नाही. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाची वाट दिली, तेव्हा त्यावरून विधानसभेपर्यंत वाद गेला. जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला एक सोपी रीत दिली आहे, असं गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना स्पष्ट करावं लागलं.

तो सगळा वाद नावांवर झाला. पण मुलाच्या हातात दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या असतील, तर अजून एक काडी आली की तिसरी जुडी बांधता येईल, हे त्याला दिसतं. मग 'एकोणतीस' हा शब्द विचित्र वाटत नाही, उलट नेमका वाटतो. मुलांच्या हातात अशा वस्तू देण्याचा आपल्याकडचा इतिहास साधारण शंभर वर्षांचा आहे. त्यात एक हिशेब अजून मिटलेला नाही: वस्तू स्वस्त केली की तिची किंमत कोण भरतं?

पायली, अधोली, शेर

त्याआधीच्या पंतोजींच्या शाळेला आपण घोकंपट्टीची शाळा म्हणून मोकळे होतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनाची औटकी, हे सगळं मुलं तोंडपाठ करत. पण या पाठांतरामागे हातात धरता येणारं एक जग होतं. पायलीची अर्धी अधोली, तिचा अर्धा शेर, शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर. ही मापं घरात, दुकानात, खळ्यावर होती. रुपयाचे आणे सोळा. सोळा चार वेळा निम्मे करता येतात आणि शेवटी बरोबर एक उरतो. मी संगणकाच्या धंद्यात आहे. दोनाच्या पटीतली ही गंमत मला रोज भेटते. पूर्वी ती वाण्याच्या दुकानात सामान आणायला गेलेल्या पोरालाही भेटत असे.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-लीटर आले. देशाच्या व्यवहारासाठी ते योग्यच होतं. पण निम्मं-पाव शिकवणारी भांडी घरातून गेली, आणि दहाचा गट दाखवणारी तशी कोणतीही वस्तू त्यांच्या जागी आली नाही. दहाची जुडी आता मुद्दाम बांधावी लागणार होती.

रोममधल्या चात्या

ती बांधण्याची युक्ती त्याआधीच शोधली गेली होती. ६ जानेवारी १९०७ ला डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साहित्यात चात्यांची एक पेटी आहे. चाती म्हणजे सूत कातायची काडी. पेटीला शून्य ते नऊ असे दहा कप्पे, आणि चात्या नेमक्या पंचेचाळीस. मूल एकच्या कप्प्यात एक, दोनच्या कप्प्यात दोन, अशा चात्या टाकत जातं. शून्याचा कप्पा रिकामा राहतो. मध्ये कुठे एक चाती जास्त पडली, तर नऊच्या कप्प्याला आठच उरतात. 'चुकलं' असं बाईंनी म्हणायची गरज पडत नाही. ते पेटीच सांगते.

सोनेरी मण्यांचंही तेच. एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, अशा दहा कांड्यांचा शंभराचा चौरस, दहा चौरसांचा हजाराचा घन. 'हजार' हा शब्द मूल हाताने उचलतं आणि त्याचं वजन त्याला कळतं. मात्र हे सगळं तंतोतंत बनलेलं असावं लागतं. माप चुकलं, एक मणी हरवला, की चूक दाखवण्याचं कामच बंद पडतं. म्हणून हे साहित्य महाग.

१९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांना आणि पुढे त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडकांना ही अडचण लवकरच दिसली. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरींची दृष्टी घ्यायची, पण ती आपल्या परिस्थितीत आणि आपल्या भाषेत बसवायची, अशी त्यामागची धडपड होती.

वर्ध्याची टकळी

१९३१ मध्ये लंडनला गांधीजींची आणि माँटेसरींची भेट झाली. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. पुढे सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाने ती राबवली. आमच्या कापसाच्या मुलखात हे घडलं, म्हणून मला त्यातली टकळी महत्त्वाची वाटते. रोमच्या पेटीतल्या चातीचीच ही बहीण. पण तिकडची चाती मोजण्यापुरती, आणि इकडची टकळी सूत काढणारी.

सुताचा हिशेब असा: चार फुटांची एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत तारा सहाशे चाळीस. आज किती तारा झाल्या, लटीला किती कमी, पोळ्यापासून किती कापूस लागला, हे प्रश्न शिक्षकाला बनवून आणावे लागत नव्हते. उत्तर चुकलं तर लटी कमी भरायची. चूक इथेही वस्तूच दाखवायची, आणि साहित्य मात्र स्वस्त.

पण ही योजना मुख्यतः सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी होती. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांना टकळी झेपत नाही. शिवाय शिक्षकाला कातणंही यावं लागे आणि त्यातलं गणितही दिसावं लागे. जिथे दुसरी गोष्ट नव्हती, तिथे नुसतं सूत निघालं.

कोसबाडचे शंखशिंपले

१९४५ मध्ये ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात भरू लागली. मोठी मुलं गुरं चारायला जात, तर शाळा कुरणात गेली. महागडं साहित्य इथे चालणारच नव्हतं. शंखशिंपले, खडे, बिया, पानं, काड्या हेच मोजायचं साहित्य झालं.

ही गोष्ट आपल्याकडे फार कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुक रास्तच आहे. पण त्यातला एक भाग सांगायचा राहून जातो. पेटीतल्या पंचेचाळीस चात्या चूक दाखवतात. मूठभर बिया दाखवत नाहीत. मुलाने दहाऐवजी अकरा बियांचा ढीग केला, तर ढीग गप्प बसतो. ते बघून 'पुन्हा मोजू या का?' असं विचारणारं माणूस शेजारी लागतं. म्हणजे साहित्यातून काढून टाकलेली किंमत नाहीशी होत नाही, ती शिक्षिकेच्या अंगावर येते. ताराबाई-अनुताईंना हे ठाऊक होतं, असं त्यांच्या कामाकडे पाहून म्हणता येतं. बिया गोळा करण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त बळ त्यांनी बालवाडी चालवणाऱ्या बायकांना शिकवण्यावर खर्च केलं.

पोडावर

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. 'अंगणवाडी' हे नाव गावोगाव पोचलं, आणि अंगणात भरणाऱ्या बालवाडीची कल्पनाही. मात्र सेविकेच्या वाट्याला पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या नोंदी आणि आता मोबाइलमधला पोषण ट्रॅकरही आला. मुलाने ढिगात किती बिया टाकल्या हे पाहायचा वेळ त्यात कुठून काढायचा?

आमच्या घाटंजी तालुक्यातल्या कोलाम पोडावरच्या मुलाला तर अडचण दुहेरी आहे. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. 'पंचवीस' त्याला परका, आणि 'वीस पाच'ही तितकाच परका. त्याच्यासाठी जुडी हीच पहिली समजणारी गोष्ट ठरू शकते. तुराट्या सारख्या मापाने मोडल्या की काड्या झाल्या. चिंचोके तर फुकटच. साहित्याचा तुटवडा इथे कधीच नव्हता.

माझ्या धंद्यातली माणसं यावर ॲप सुचवतात. स्क्रीनवर दहा मणी जमले की ते आपोआप चिकटून दशक होतो, आणि दिसतंही छान. पण दहा मोजून, दोरा गुंडाळून, गाठ मारायची आणि आता हे 'एक' झालं असं मानायचं, हेच तर मुलाने शिकायचं असतं. ते काम ॲप स्वतःच करून टाकतं. शाळेला मिळालेल्या गणिताच्या पेट्यांचं दुखणं वेगळं: हरवलं तर हिशेब द्यावा लागेल, म्हणून त्या कपाटात सुरक्षित राहतात. कोसबाडची बी हरवली तर दुसरी झाडाखाली मिळत होती.

म्हणून पेटी किती रुपयांची, किंवा ॲप कोणतं, हे मला दुय्यम वाटतं. पंचवीस मुलांच्या अंगणवाडीत रोज अर्धा तास कोणतीही नोंद न भरता मुलांशेजारी बसायला सेविका मोकळी आहे का, आणि अकरा बियांच्या ढिगापाशी काय विचारायचं हे तिला कोणी शिकवलं आहे का, हे आधी विचारायला हवं. त्या अर्ध्या तासाचे पैसे अंदाजपत्रकात धरावे लागतील. तुराट्या आमच्याकडे भरपूर आहेत.