दारावर अडलेले तिकीट आणि नाक्यावर अडलेला बांबू

आजच्या धाग्याचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. पैसे भरून, रीतसर आरक्षण करून घेतलेले तिकीट प्रवेशद्वारावर स्कॅन का होत नाही? गाण्याची मैफल असो वा जामठ्याच्या मैदानावरचा क्रिकेट सामना, यंत्र लाल दिवा दाखवते, मागची रांग कुरकुरू लागते, आणि खरे तिकीट हातात असलेला माणूस खोट्यासारखा बाजूला उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्राकडे आहे तितकेच इतिहासाकडेही आहे. त्या इतिहासातले एक मोठे प्रकरण तर आपल्या गडचिरोलीच्या जंगलात, बांबूवरून घडले. वळसा थोडा लांबचा आहे, सोबत राहावे.

आधी यंत्राचे पाहू. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत जन्मला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन यंत्राला दिशा सांगतात, आणि भोवतीची कोरी चौकट ‘मजकूर येथून येथपर्यंत’ अशी हद्द आखून देते. स्क्रीनशॉट कापताना ही चौकट गेली, पडद्यावर ऊन चमकले, उजेड मंद राहिला किंवा काचेला तडा असला, तर वाचन बिघडते. तरीही हा कोड चिवट आहे. त्यातील दुरुस्तीची सोय सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही मजकूर परत मिळवता येतो.

मग एवढी तिकिटे अडतात कशी? कारण वाचता येणे ही अर्धीच गोष्ट आहे. कोड वाचल्यावर यंत्र तो आकडा आपल्याकडच्या यादीत शोधते. तिकीट दुसऱ्या दाराचे किंवा दुसऱ्या वेळेचे असेल, त्याच तिकिटाची प्रत दाखवून कोणी आधीच आत गेला असेल, नेटवर्क नसल्यामुळे शेवटच्या तासात विकलेली तिकिटे यादीत उतरलीच नसतील, तर कोड कितीही स्वच्छ असला तरी दार उघडत नाही. ताडोब्याला गेलेल्यांना हे ठाऊक असेल. मोहर्लीच्या फाटकाचे आरक्षण कोलाऱ्याच्या फाटकावर चालत नाही, सकाळच्या फेरीचे दुपारी चालत नाही, आणि ओळखपत्रावरचे नाव आरक्षणातल्या नावाशी जुळावे लागते. तिकीट हा एका जोडीचा अर्धा भाग असतो. दुसरा अर्धा दारापाशी असतो, आणि दार त्या दोहोंची जुळणी पाहते.

ही युक्ती फार जुनी आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या खजिन्यात रक्कम भरली की लाकडाच्या काठीवर खाचा पाडत आणि काठी उभी चिरत. एक फाळका भरणाऱ्याकडे राही, दुसरा खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही फाळके एकत्र लावून खाचा आणि लाकडाच्या शिरा जुळतात का ते पाहायचे. झाडाच्या शिरेची नक्कल कोण करणार? पावतीपुस्तकातील स्थळप्रतीला इंग्रजीत जो ‘काउंटरफॉइल’ शब्द आहे, तो या काठीच्याच एका फाळक्याच्या नावावरून आला. (जाता जाता: या कालबाह्य काठ्यांचा ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी भट्टीत जाळताना लंडनचे संसदभवनच पेटले.)

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. मराठी राजपत्राच्या अखेरीस ‘मोर्तब’ उमटवीत, म्हणजे मजकूर येथे संपला, याच्या पुढे कोणी काही घुसडू नये. क्यूआर कोडच्या कोऱ्या चौकटीशी याचे नाते दूरचे नाही. इनामाच्या सनदांत तर याहून महत्त्वाची एक तजवीज दिसते. सनदेच्या शेवटी स्थानिक अंमलदारास बजावलेले असे की, दरसाल नवे पत्र मागू नये. या पत्राची नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र धन्याकडे परत द्यावे. सनदा वाचताना आपण ही ओळ ठराविक मायना समजून ओलांडतो. वस्तुतः सनदेचा जीव तिच्यात आहे. नक्कल दप्तरी दाखल झाली नाही, तर अंमलदार बदलल्यावर अस्सल पत्रही अडखळणार, हे लिहिणाऱ्या कारकुनास पुरते माहीत होते.

जुळणी झाली तरी घोळ संपत नाही. १७१७ च्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. माल सोडवून नेणारे ‘दस्तक’ अस्सल असे, पण कंपनीचे नोकर ते स्वतःच्या खासगी व्यापारासाठी वापरू लागले. चौकीवरच्या माणसाला शिक्का ओळखता येई. माल कोणाचा हे ओळखता येत नसे. अखेर नवाब मीर कासिमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठवून दस्तकाची किंमत शून्य केली. कंपनीशी त्याचे युद्ध जुंपण्यामागे हे एक मोठे कारण होते. आजची तिकिटे ओळखपत्राला बांधलेली असतात, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून.

आता आपल्या जंगलात येऊ. एकोणिसाव्या शतकातील चांदा जिल्ह्यात सरकारी राखीव वने होती, तशीच अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांची वने आणि मालगुजारांची राने होती. सागाचा ओंडका एकदा बैलगाडीवर चढला की तो कोणत्या रानातला, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून ओंडक्यावर हातोड्याने खूण ठोकायची, सोबत परवाना द्यायचा, आणि नाक्यावर दोन्ही ताडून पाहायचे. १८७८ चा आणि त्यानंतरचा १९२७ चा भारतीय वन अधिनियम या व्यवस्थेचा कणा आहे. १९२७ च्या कायद्यातील कलम ४१ सरकारला नियम करण्याचे अधिकार देते: मालाने कोणत्या वाटेने जावे, परवाना कोणी द्यावा, तो कोठे दाखवावा व परत करावा, इतकेच काय, मालकीच्या खुणेची नोंदणी किती मुदतीपर्यंत चालावी. वाट, वेळ, देणारा, मुदत. आजच्या तिकिटावरची सगळी कलमे तेथे आहेत. कलम ६३ नुसार वाईट हेतूने खोटी खूण ठोकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परंतु माझ्या मते सर्वांत वजनदार आहे ते कलम ६९. वनोपज सरकारचे आहे की नाही असा प्रश्न या कायद्याखालील कारवाईत उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानावे, असे ते सांगते. म्हणजे जुळणी फसली की संशयाचा फायदा दाराला मिळतो, दाराशी उभ्या असलेल्या माणसाला नाही.

याचे ओझे कोणावर पडले, ते उघड आहे. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी गेली (तेव्हा हा जिल्हा त्या राज्यात होता) आणि ती राने शासनाकडे आली. गावकऱ्यांचे सरपण, चराई, बांबू यांवरचे हक्क ‘निस्तारपत्रकां’त लिहिले गेले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. कागद होते, ते वाचणारी दारे बदलत गेली. दरम्यान या वनांतला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात होता. गिरणीच्या बांबूला परवाना मिळे. गावाचा बांबू मात्र अडे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. या कायद्याने गौण वनोपजावर, ते विकण्यासह, मालकी दिली आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्ट लिहिले. ग्रामसभा बांबू विकायला निघाली, तर वनखात्याने वाहतूक परवाना नाकारला. खात्याचा आधार १९२७ चा कायदा. त्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे, हे शाळकरी मुलालाही सांगता येईल. पण नाका वनस्पतीशास्त्र वाचत नाही.

हे तिकीट खोटे नव्हते. संसदेने दिलेले होते. मात्र नाक्यावरचा वाचक जुन्या कोशातून वाचत होता, आणि त्याला एकाच परवानापुस्तकाची ओळख होती: खात्याच्या.

देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसह ग्रामसभेने नेटाने मागणी लावून धरली. तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज मानावे असे कळविले. त्यानंतर २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यातच, रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. येथे थोडे थांबावे असे मला वाटते. त्या दिवशी गावाला एका खेपेचा परवाना मिळाला नाही, पुस्तक मिळाले. परवाना फाडून देणारा हात आणि स्थळप्रत राखणारा हात आता गावाचा होता. सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी हीच पद्धत देशभरासाठी लिहून काढली: गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल.

व्याख्येचा घोळ मात्र त्यानंतरही काही वर्षे राहिला. नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने, आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या कायद्याने, १९२७ च्या अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला. शेतात लावलेला बांबू त्यामुळे मोकळा झाला. वनातून आलेला बांबू अजूनही वनोपजच आहे. साहजिकच नाक्यावर बांबूची गाडी थांबली की आजही पहिला प्रश्न तोच येतो, हा उगवला कुठे? आणि बांबूला ते सांगता येत नाही, म्हणून गाडीवान खिशातला कागद काढतो.