परवचा आणि परीक्षा

‘परीक्षा’ हा शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणें ह्या धातूपासून सिद्ध झाला आहे. सर्व बाजूंनीं पाहणें हा त्याचा मूळचा अर्थ. परंतु पुणें शहराच्या विद्येचा इतिहास चाळला असतां असें आढळतें कीं, येथें परीक्षा पाहिली जाण्यापेक्षां ऐकलीच अधिक गेली. विद्यार्थ्यानें बोलावें आणि जाणत्यानें कान देऊन ऐकावें, हीच पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेची रीत होती. उत्तर कागदावर लिहून तें अनोळखी माणसाकडे तपासावयास पाठवावयाचें, ही पद्धति येथें रुळून अद्याप पावणेदोनशें वर्षेंहि झालेलीं नाहींत. ह्या पालटाचा विचार शाळा, विद्यापीठें आणि सरकार ह्यांच्या बाजूनें पुष्कळ झाला आहे. पण त्यानें घराचें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दरवर्षीं फेब्रुवारी-मार्च महिने आले कीं, मुलाच्या परीक्षेसाठीं आपण काय करावें अशी विवंचना घरोघरीं सुरू होते. तिचें उत्तर ह्या न विचारलेल्या प्रश्नांत आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून त्याचा थोडा ऐतिहासिक विचार येथें कर्तव्य आहे.

पेशवाईंतील श्रावणमासची दक्षिणा सर्वांस ऐकून ठाऊक असते. तळेगांवच्या दाभाड्यांनीं चालविलेला हा दानधर्म १७३१ सालच्या डभईच्या लढाईनंतर पेशव्यांनीं पुण्यांत पुढें चालविला. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा लोकांनीं फुलून जाई. जमावास सरसकट कांहीं द्यावें आणि विद्वानांस मात्र परीक्षा घेऊन योग्यतेप्रमाणें द्यावें, असा त्यांत भेद होता. ही परीक्षा तोंडी असे. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा चढत्या पायऱ्यांनीं म्हणणाऱ्या वैदिकाचा एखादा स्वर चुकला, तर तो पकडावयास परीक्षकापाशीं पोथी लागत नसे, कान लागत. १८१८ त राज्य गेलें. तरी एल्फिन्स्टनसाहेबांनीं दक्षिणा एकदम मोडली नाहीं, आणि १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेली संस्कृत पाठशाळा ह्याच परंपरेच्या आधारावर उभी राहिली. गुरूनें म्हणावें, शिष्यानें ऐकून पुन्हां म्हणावें, ह्या संथेच्या पद्धतींत बोलण्याच्या आधीं ऐकणें शिकावें लागे. ज्याचें ऐकणें कच्चें त्याचें म्हणणें कच्चें, हें तेथें निराळें सांगावें लागत नसे.

जी गोष्ट वेदशाळेंत, तीच साध्या पंतोजींच्या शाळेंत. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं तीं मोठ्यानें म्हणत. पाढे म्हणावयाचे ते तालावर. थोरल्या मुलानें सांगावें आणि धाकट्यांनीं त्याच्यामागून म्हणावें. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत डॉ. अँड्र्यू बेल ह्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच देशी रीतींवरून धडा घेतला आणि मुलांनींच मुलांस शिकविण्याची पद्धति विलायतेस नेली. परंतु बेलसाहेबांस जें नेतां आलें नाहीं, तें आमच्या घरांत होतें. तें म्हणजे परवचा.

दिवेलागण झाली, देवापुढें दिवा लागला, कीं मुलांनीं हातपाय धुऊन ओळीनें बसावें आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणावी, पाठ झालेले श्लोक म्हणावे. ऐकावयास कोण? बहुधा घरांतली आजी. तिला अक्षरओळख नसे. पण नातवाचा पाढा सतरा नव्वांपाशीं अडखळला, तर निवडीत असलेल्या तांदळांवरून नजर न उचलतां ती म्हणे, “पुन्हां म्हण.” तिला उत्तर ठाऊक असेच असें नाहीं, ताल मोडलेला मात्र तिला कळे. परवच्याचें सारें मर्म ह्यांत आहे. तेथें परीक्षक होण्यास विद्वत्ता लागत नसे, रोज थोडा वेळ लागे. आणि परीक्षा रोजच होत असल्यामुळें तिचें भय वाटावयास सवडच नसे. चुकलेल्या मुलास शिक्षा ती एवढीच कीं, पुन्हां म्हणावयाचें.

मुलास ऐकविणाऱ्या ह्याच घरांत मोठीं माणसेंहि ऐकत असत, ही दुसरी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुराण, कीर्तन, पोथी ह्यांस आजीबरोबर नातवंडें जात. नवविधा भक्तींत पहिला मान श्रवणाचा. समर्थांनीं दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभच श्रवणभक्तीनें केला आहे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ह्या क्रमांतहि ऐकणें पहिलें. नीट ऐक, असा उपदेश मुलास करावा लागत नसे. चार मोठीं माणसें तासभर न बोलतां ऐकत बसलेलीं तें पाहत असे.

ह्या चित्राची दुसरी बाजू न सांगणें हा मात्र इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. हें ऐकणारें घर ह्या शहरांत सर्वांच्या वांट्यास आलेलें नव्हतें. वेदांचें श्रवण बहुजनसमाजास निषिद्ध होतें. मुलींचा परवचा कोणी घेत नसे. अस्पृश्य मानलेल्या मुलांस तर शाळेच्या पायरीशींहि उभें राहतां येत नसे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ पासून ज्या शाळा काढल्या, त्यांचें महत्त्व त्यांनीं अक्षरें शिकविलीं एवढ्यापुरतें नाहीं. ज्या मुलांचें बोलणें कोणी ऐकूनच घेतलें नव्हतें, त्यांस ऐकणारा कान त्या शाळांनीं पुरविला. १८५३ च्या फेब्रुवारींत पुण्यांत मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली. मुली उत्तरें कशा देतात तें ऐकावयास मोठा जमाव लोटला होता. मुलगी चारचौघांत उभी राहून बोलते आणि शहर ऐकतें, हा प्रकारच नवा होता. दोन वर्षांनीं, १८५५ त, त्याच शाळेंतील मुक्ता साळवे ह्या सुमारें चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रांत प्रसिद्ध झाला. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म तो कोणता, असा प्रश्न तिनें त्यांत टाकला आहे. ज्यांस ऐकण्याचीहि मनाई होती त्यांतील एका मुलीनें तो विचारला, ह्यांतच श्रवणाचें सामर्थ्य दिसून येतें. कोणी ऐकून घेतल्याशिवाय मूल बोलावयास लागत नाहीं.

ह्यानंतर काळ फिरला. अमेरिकेंत बोस्टन शहरच्या शाळांतून १८४५ सालीं होरेस मान ह्यांच्या पुढाकारानें तोंडी परीक्षेच्या जागीं लेखी परीक्षा आली. आपल्याकडे १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ त त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. बसले १३२, उत्तीर्ण झाले २२. महादेव गोविंद रानडे त्यांतलेच एक. लेखी परीक्षेचे गुण नाकारण्याचें कारण नाहीं. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका, परीक्षकास विद्यार्थ्याचें तोंड दिसत नाहीं, म्हणून जातीचा आणि ओळखीचा पक्षपात कमी. धोंडो केशव कर्वे ह्यांची हकीकत पुष्कळांनीं वाचली असेल. मुरूडचा सतरा वर्षांचा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठीं सुमारें ११० मैल डोंगर तुडवीत साताऱ्यास गेला. तेथील अधिकाऱ्यानें त्याच्या किरकोळ शरीराकडे पाहून, हा सतरा वर्षांचा नव्हे असें ठरविलें आणि त्यास परत पाठविलें. तोंड पाहून न्याय करण्याचा धोका किती, तें ह्यावरून समजतें. पुढें तोच मुलगा फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला.

पण लेखी परीक्षेनें घराच्या हातून कांहीं काढून घेतलें, हेंहि खरें. उत्तरें इंग्रजींत आणि तींहि कागदावर. आजीच्या कानाचा आतां उपयोग काय? घरापाशीं उरला तो खर्च आणि उरली ती काळजी. त्या पिढीनें हा भार विलक्षण निष्ठेनें वाहिला. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे वडीलबंधु गोविंदराव ह्यांनीं शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते महिन्याच्या महिन्यास धाकट्या भावास पाठवीत. हा त्याग वंदनीयच आहे. परंतु त्यागाबरोबर अपेक्षेचें ओझेंहि मुलाच्या डोक्यावर चढतें. डॉ. भांडारकर १८९३ ते १८९५ ह्या वर्षांत मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते, त्या सुमारास आमचे पदवीधर अल्पायुषी कां ठरतात, अभ्यासाचा ताण त्यांस मारतो काय, ह्याची मोठी चर्चा झाली आणि रानड्यांनींहि तींत भाग घेतला. परीक्षेच्या ताणाचा प्रश्न आजकालचा आहे असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

रानड्यांच्याच घरांत मात्र ह्या प्रश्नाचें एक उत्तर घडत होतें. त्यांची दृष्टि अधू असल्यामुळें त्यांस दुसऱ्याकडून वाचून घ्यावें लागे. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं त्या घरांत आलेल्या रमाबाई पतीपाशीं शिकल्या, आणि पुढें त्यांस वाचूनहि दाखवूं लागल्या. घरांतील बायकांचा त्या शिक्षणास कडवा विरोध होता, हें त्यांच्या १९१० सालच्या आठवणींत नमूद आहे. सासरच्या त्या प्रतिकूल कानांमध्यें एक कान अनुकूल होता, आणि तेवढ्यावर त्यांची विद्या तगली. रोज कोणापुढें तरी मोठ्यानें वाचणें, चुकल्यास थांबणें, अर्थ सांगणें. हा परवचाच नव्हे काय? ह्याच रानड्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पुण्यांत वसंतव्याख्यानमाला सुरू झाली. ज्या दिवसांत शाळेची परीक्षा आटोपलेली असते, गुण मिळावयाचे नसतात, त्या उन्हाळ्याच्या सायंकाळीं शहरानें केवळ ऐकण्यासाठीं एकत्र यावें, ही कल्पना किती शहाणपणाची होती!

ऐकण्याची ही संवय यंत्रानें मोडली असें म्हणण्याचीहि रीत आहे. पण १९५३ सालीं पुण्यांत आकाशवाणीचें केंद्र निघालें आणि १ एप्रिल १९५५ पासून तेथून ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक गीत ह्या क्रमानें वर्षभर ऐकविण्यांत आलें. माडगूळकरांचीं ५६ गीतें आणि सुधीर फडक्यांचें संगीत ऐकावयास लहानथोर रेडिओभोंवतीं बसत. तेव्हां दोष यंत्राचा नाहीं. एका यंत्राभोंवतीं सारें घर बसणें आणि एका घरांत प्रत्येकानें आपापल्या यंत्रापाशीं बसणें, ह्यांत मात्र फार अंतर आहे.

आतां अलीकडची एक गोष्ट सांगून हा इतिहास पुरा करतों. माध्यमिक शिक्षणाचें राज्य मंडळ १९६६ पासून पुण्यांतच आहे. २०१९ च्या मार्चमधील दहावीच्या परीक्षेंत भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण रद्द करून लेखी परीक्षाच पूर्ण १०० गुणांची ठेवण्यांत आली. आदल्या वर्षीं शेंकडा ८९.४१ असलेला निकाल ७७.१० वर उतरला. मोठा गवगवा झाला आणि पुढील वर्षासाठीं तोंडी परीक्षेचे गुण परत आले. त्या वादांत एक पक्ष म्हणे, शाळा हे गुण खिरापतीसारखे वांटतात. दुसरा म्हणे, आमच्या मुलांचें नुकसान झालें. दोन्ही पक्षांचें म्हणणें गुणांविषयीं होतें. मूल बोलतें तें वर्षभरांत कोणी ऐकतें काय, हा प्रश्न दोहोंपैकीं एकानेंहि मनावर घेतला नाहीं. तोंडी परीक्षेचे गुण मंडळ देऊं शकतें आणि काढूनहि घेऊं शकतें. ऐकणारें माणूस मात्र मंडळास पुरवितां येत नाहीं.

तें घरानेंच पुरवावयाचें आहे. त्यासाठीं आईबापांस विज्ञान येण्याची जरुरी नाहीं, कीं मुलाच्या माध्यमाची भाषा येण्याचीहि नाहीं. सायंकाळीं दहा मिनिटें हातांतलें काम आणि भ्रमणध्वनि बाजूस ठेवून, आज वर्गांत काय ऐकलेंस तें सांग, असें विचारावें आणि मग खरोखर ऐकावें. वाक्य अर्धवट असतां तोडूं नये. किती गुण पडले हा प्रश्न पहिल्यानें विचारूं नये. सांगतां सांगतां मूल जेथें घुटमळेल, तेथेंच त्याचा अभ्यास कच्चा आहे असें समजावें आणि रागावण्याऐवजीं एवढेंच म्हणावें, “पुन्हां सांग.” घरांत कोणी वडील माणूस असेल तर हें काम त्यांच्याकडे द्यावें, त्यांच्यापाशीं वेळ आहे आणि त्यांस ऐकावयास आवडतें. ज्या मुलास घरीं रोज कोणी ऐकून घेतें, तें शाळेंत गुरुजींचें ऐकूं लागतें, असा आम्हां शिकविणाऱ्यांचा अनुभव आहे. कारण ऐकणें म्हणजे काय, तें त्यास ठाऊक झालेलें असतें.

आणि ज्या घरांत आईबाप दोघेंहि अंधार पडेपर्यंत कामावर असतात, ज्या मुलांस ऐकावयास अजूनहि कोणी नाहीं, त्यांचें काय? हा प्रश्न १८४८ त ह्याच शहरांत उभा राहिला होता आणि एका जोडप्यानें त्यास आपल्यापुरतें उत्तर दिलें होतें. आपल्या मुलाबरोबर शेजारच्या एका मुलाचा परवचा ऐकावयास कोणत्याहि घरास दहा मिनिटांहून अधिक लागणार नाहींत.