चांद्याच्या अरण्यांतील मत आणि नकाशावरील रेघ

निवडणुकीचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा विजयी उमेदवारांच्या नांवांपासून आरंभ करितात. कोण उभा राहिला, कोण पडला, कोणत्या पक्षाची सरशी झाली, एवढें सांगितलें म्हणजे आपलें काम संपलें असें त्यांना वाटतें. परंतु उमेदवार रिंगणांत उतरण्यापूर्वीं तें रिंगण कोणी तरी आंखलेलें असतें. आणि आंखणारा मनुष्य बहुधा त्या प्रदेशांत राहणारा नसतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १८१२ सालीं गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या कारकीर्दींत मतदारसंघांच्या सीमा इतक्या वेड्यावांकड्या काढण्यांत आल्या कीं, त्यांतील एका संघाचा आकार सॅलॅमँडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याप्रमाणें दिसूं लागला, आणि तेव्हांपासून असल्या कारस्थानास गेरीचें नांव कायमचें चिकटलें. चांद्याच्या अरण्यांत असें कारस्थान कोणीं केल्याचें दिसत नाहीं. तेथें जें घडलें तें रेघ ओढणाऱ्याच्या सोयीनें घडलें. एवढ्यावरून मतदाराचें नुकसान कमी झालें असें मात्र म्हणवत नाहीं.

आज ज्यांस आपण चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे म्हणतों, तो बहुतेक मुलूख पूर्वीं चांदा या एकाच नांवानें ओळखला जात असे. गोंड राजांचें हें राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांकडे गेलें व १८५४ त इंग्रजांच्या हातीं आलें. त्यानंतरची हकीकत ही शिंप्याच्या कात्रीची हकीकत होय. १८७४ त अप्पर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचाकडील भाग चांद्यास जोडला. १९०५ त जमीनदाऱ्यांची मोट बांधून गडचिरोलीची नवी तहसील उभी केली. १९०७ त दक्षिणेकडील नुगूर, अल्बाका व चेर्ला हे विभाग मद्रास इलाख्यास आणि पूर्वेचा एक पट्टा नव्यानें निघालेल्या द्रुग जिल्ह्यास देऊन टाकला. राजुरा तहसील निजामाच्या राज्यांतील आदिलाबादेंत होती. ती १९५६ त नांदेड जिल्ह्यांत आली व १९५९ त चांद्यांत. शेवटीं २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा जिल्हाच वेगळा झाला.

सनावळीचा हा कंटाळा वाचकांनीं क्षणभर सोसावा. कारण कात्रीच्या प्रत्येक फटक्यासरशी येथील मनुष्याचें राजधानीकडे पाहणारें तोंड फिरत गेलें. १९५२ त राजुऱ्याच्या शेतकऱ्यानें दिलेलें मत हैदराबादेस पोंचलें, तर वर्धा नदीच्या अलीकडे राहणाऱ्या त्याच्या सोयऱ्याचें मत नागपुरास, कारण चांदा तेव्हां मध्यप्रदेशांत होता. पुढें पांच वर्षांनीं दोघांचींही मतें मुंबईस गेलीं. दोघांपैकीं कोणीही आपलें घर सोडलें नव्हतें.

मताचा हक्क या अरण्यांत आला तोही अर्धवटच आला. १९३५ च्या कायद्यानें मध्यप्रांत-वऱ्हाडास ११२ सभासदांची विधानसभा मिळाली, आणि त्या ११२ त मागासलेले प्रदेश व जमाती यांच्यासाठीं म्हणून एकच जागा राखण्यांत आली होती. मतदार होण्यास मालमत्ता, सारा किंवा शिक्षण यांपैकीं कांहीं तरी पदरीं असावें लागे. मोहफुलांवर अर्धें वर्ष काढणाऱ्या माडिया गोंडाच्या पदरीं यांपैकीं काय असणार? परंतु खरी मौज याहून पुढेंच आहे. १९३६ च्या हुकुमान्वयें ‘अंशतः वर्जित क्षेत्रें’ जाहीर झालीं, त्यांत सिरोंचा तहसिलींतील अहेरीची विस्तीर्ण जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलींतील धानोरा, रांगी, मुरूमगांव, पळसगड, गेवर्धा, पोटेगांव इत्यादि पंधरा जमीनदाऱ्या घालण्यांत आल्या. अशा क्षेत्रांतून विधानसभेस सभासद निवडून जावयास कायद्याची आडकाठी नव्हती. पण ९२ व्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, विधानसभेनें केलेला कोणताही कायदा गव्हर्नरानें तसें फर्माविल्यावांचून तेथें लागू होणार नाहीं. म्हणजे धानोऱ्याच्या ज्या थोडक्या लोकांस मत होतें, त्यांनीं तें द्यावें, त्यांच्या प्रतिनिधीनें नागपुरास जाऊन कायदा करावा, आणि तो कायदा धानोऱ्याच्या वेशीबाहेरच थबकावा! १९३७ त काँग्रेस बहुमतानें निवडून आली व डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. पण त्यांच्या मंत्रिमंडळाचा अंमल या सोळा जमीनदाऱ्यांत गव्हर्नराच्या मर्जीनेंच शिरूं शके. सावकार आणि वकील यांच्यापासून वनवासी लोकांचें रक्षण करावयाचें, असा या व्यवस्थेचा बाह्य हेतु होता. त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु ज्याचें रक्षण करावयाचें त्यासच विचारूं नये, हा त्या रक्षणांतील दोष कोणत्याही सबबीनें झांकत नाहीं.

मध्यप्रदेशांतील मालगुजारी व जमीनदारी ३१ मार्च १९५१ रोजीं कायद्यानें संपली, आणि वर्ष उलटण्याच्या आंत प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक या अरण्यांत झाली. कालपर्यंत जमीनदाराच्या वाड्यावर वेठीस जाणारा मनुष्य आज त्याच जमीनदाराइतकेंच एक मत घेऊन पेटीपाशीं आला, ही क्रांति लहान नव्हे. त्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. अक्षरशत्रु मतदारानें चिन्ह पाहावें आणि कागद आंत टाकावा. बैलजोडीची ओळख गोंडास कोणीं करून द्यावयास नकोच होती. देशभर सुमारें २८ लाख स्त्रियांनीं आपलें नांव न सांगतां ‘अमक्याची बायको’ किंवा ‘अमक्याची मुलगी’ एवढेंच सांगितल्यामुळें मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं त्यांचीं नांवें यादींतून गाळलीं, आणि अशा प्रांतांत मध्यप्रदेशही होता. चांद्याचे पहिले लोकसभा-सदस्य म्हणून काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली निवडून आले.

याच सुमारास आणखी एक रेघ ओढली गेली, आणि आमच्या मतें चांद्याच्या इतिहासांत तिच्याइतकी विचित्र दुसरी नाहीं. १९५० त अनुसूचित जमातींची जी यादी निघाली तींत गोंडांचें नांव होतें खरें, पण चांदा जिल्ह्यापुरतें तें गडचिरोली व सिरोंचा या दोन तहसिलींनाच लागू होतें. वैनगंगेच्या एका कांठावर राहणारा गोंड कायद्याच्या दृष्टीनें आदिवासी, आणि दुसऱ्या कांठावर ब्रह्मपुरी तहसिलींत राहणारा त्याचा सख्खा मेहुणा आदिवासी नव्हे! इतकेंच काय, ज्या चांदा शहराचा कोट गोंड राजांनीं बांधला, जेथें त्यांच्या समाध्या आजही उभ्या आहेत, त्या शहरांतील गोंडही या यादीबाहेर राहिला. राखीव जागा लोकसंख्येवरून ठरावयाच्या, आणि लोकसंख्या या यादीवरून मोजावयाची. तेव्हां अशा हजारों लोकांची गणति पंचवीसांहून अधिक वर्षें भलत्याच रकान्यांत होत राहिली. १९७६ च्या दुरुस्तीच्या कायद्यानें हें तहसीलवार बंधन काढून टाकलें. तें काढल्यावर खरा आदिवासी कोण व नामसादृश्याचा लाभ घेणारा कोण, हा वाद विदर्भांत पेटला आणि न्यायालयांतून वर्षानुवर्षें चालला. त्या वादांत न्याय कोणाच्या बाजूस होता हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; बंधन मुळांत घालणाऱ्यांनीं नदी पाहिली होती, नदीच्या दोन्ही कांठांवरील सोयरसंबंध पाहिले नव्हते, एवढेंच दाखवावयाचें आहे.

मतदारांनीं स्वतः या रेघा कधीं ओलांडल्या कीं नाहीं, असें कोणी विचारील. ओलांडल्या, आणि १९६२ ची लोकसभेची निवडणूक हें त्याचें उत्तम उदाहरण होय. त्या वर्षीं काँग्रेसचा जोर महाराष्ट्रांत अफाट होता. चांद्याचेच मा. सां. कन्नमवार त्याच सालच्या नोव्हेंबरांत राज्याचे मुख्यमंत्री झाले. असें असतां चांद्याच्या लोकसभेच्या जागेवर निवडून आले लाल श्यामशाह हे अपक्ष. हे गृहस्थ चांद्याचे नव्हेत, महाराष्ट्राचेही नव्हेत. द्रुगकडील पानाबरस जमीनदारीचे ते गोंड वारसदार. ज्या बाजूचा पट्टा १९०७ त चांद्यापासून तोडण्यांत आला, त्याच बाजूचे. कागदावरील सीमा पंचावन्न वर्षें जुनी झाली होती, तिच्यावर पुढें राज्याची सीमाही येऊन बसली होती, तरी लोकांच्या मनांतील जुना मुलूख तिनें पुसला नव्हता, असाच या निकालाचा अर्थ आम्ही लावतों.

पुढची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांस दंडकारण्यांत वसविण्याचें सरकारनें ठरविलें. आदिवासींची भूमि त्यांस न विचारतां दुसऱ्यास दिली जात आहे, या दुःखानें लाल श्यामशाह यांनीं १९६४ त लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. आमच्याकडे खुर्ची सोडण्याच्या घोषणा पुष्कळ होतात, सोडणारे विरळा. त्या विरळांत या गोंड राजाची गणना केली पाहिजे. आणि तरीही निर्वासितांचा दोष काय होता? ज्यांचे गांव सुटले, घरें लुटलीं गेलीं, ते बिचारे कोठें तरी जाणारच होते. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या वसाहती मुलचेरा व चामोर्शी या भागांत झाल्या. आज त्या बंगाली गांवांतील लोक तेथलेच मतदार आहेत, आणि प्रत्येक उमेदवारास त्यांच्या दारीं जावें लागतें. लाल श्यामशाह यांच्या रिकाम्या जागेवर १९६४ च्या पोटनिवडणुकींत ताई कन्नमवार निवडून आल्या; त्यांचे पति मुख्यमंत्रिपदावर असतांनाच नोव्हेंबर १९६३ मध्यें वारले होते.

जमीनदारी कायद्यानें गेली, पण लोकांच्या मनांतून ‘राजे’ गेले नाहींत. अहेरीच्या घराण्यांतील राजे विश्वेश्वरराव १९७७ त चांद्यांतून लोकसभेवर गेले. त्याच घराण्यांतील धर्मरावबाबा आत्राम यांस १९९१ त नक्षलवाद्यांनीं पळवून नेलें व कांहीं दिवसांनीं सोडलें. आणि २०२४ च्या विधानसभेच्या निवडणुकींत अहेरी मतदारसंघांत धर्मरावबाबा, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे एकाच घरचे तिघे परस्परांविरुद्ध उभे राहिले. विजय धर्मरावबाबांचा झाला. पूर्वीं वारसाचा तंटा सरकारदरबारीं तुटत असे, आतां तो प्रजेपुढें तुटतो, एवढा फरक झाला. तो थोडा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

अलीकडची मोठी रेघ २००८ ची. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या आयोगानें केलेल्या पुनर्रचनेंत चिमूरचा जुना लोकसभा मतदारसंघ जाऊन गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठीं राखीव संघ झाला, व २००९ त त्याची पहिली निवडणूक झाली. उत्तरेस गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवापासून दक्षिणेस प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरील सिरोंच्यापर्यंत तो पसरला आहे. या टोकाहून त्या टोकास रस्त्यानें जावयाचें तर तीनशें किलोमीटरांहून अधिक प्रवास पडतो. आमगांवाकडील झाडीपट्टीची मराठी सिरोंच्याच्या तेलुगु बोलणारास परकी, आणि भामरागडच्या माडियास दोन्ही परक्या. अशा संघाच्या खासदारानें कोणाचें गाऱ्हाणें कोणत्या भाषेंत ऐकावें?

आणि तरीही हे लोक मत देतात. ८ ऑक्टोबर २००९ रोजीं, विधानसभेच्या मतदानास अवघे पांच दिवस उरले असतां, भामरागड तालुक्यांत लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनीं सतरा पोलिसांस ठार केलें. मतदान ठरल्या दिवशींच झालें. कर्मचारी आणि यंत्रें हेलिकॉप्टरनें न्यावीं लागावींत, संध्याकाळ होण्यापूर्वीं परततां यावें म्हणून मतदान दुपारीं ३ लाच थांबवावें, अशी या भागाची रीत पडून गेली. एवढें असून १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभेच्या मतदानांत या संघानें सत्तर टक्क्यांहून अधिक मत दिलें. मोठ्या शहरांतील सुशिक्षित गृहस्थ मतदानाची सुटी कशी घालवितात, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

राहतां राहिली राजुऱ्याकडील गोष्ट. जुन्या हैदराबाद संस्थानाची वांटणी झाली तेव्हां आदिलाबादच्या सीमेवरील चौदा गांवांचा निकाल नीट लागला नाहीं. आतां जिवती तालुक्यांत मोडणाऱ्या महाराजगुडा, परमडोली, मुकादमगुडा इत्यादि गांवांवर महाराष्ट्राचाही हक्क आणि पूर्वीं आंध्र प्रदेशाचा, २०१४ नंतर तेलंगणाचाही. गांवांत दोन शाळा, दोन ग्रामपंचायती, घरांत दोन शिधापत्रिका. आणि नांवें दोन मतदारयाद्यांत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें १७ वें कलम सांगतें कीं, कोणाचेंही नांव एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदलें जाऊं नये. २०२४ त चंद्रपूरचें मतदान १९ एप्रिलला होतें व आदिलाबादचें १३ मेला. मध्यें चोवीस दिवस गेले. दोन्ही राज्यांचे उमेदवार मत मागावयास या गांवांत येतात. गांवकरी मात्र दोघांपाशींही एकच गोष्ट मागत आले आहेत, आणि ती म्हणजे कसत असलेल्या जमिनीचा पट्टा.