पापाची उत्पत्ति आणि नीळकंठशास्त्री गोरे

परशुरामाच्या डोंगराखालीं बसून ख्रिस्ती मतांतील पापोत्पत्तीचा विचार करणें कित्येकांस विजोड वाटेल. परंतु ज्या कोंकणस्थांचें चित्पावन हें नांव आमच्या चिपळुणाशीं जोडलें जातें, त्यांपैकींच एका पंडितानें या वादाच्या दोन्ही बाजू लढविल्या, आणि त्यांपैकीं एका बाजूचा ग्रंथ शंभर वर्षें अमुद्रित राहिला. संग्राहकांस एवढें कारण पुरे व्हावें.

मूळ कथा सर्वश्रुत आहे. आदाम व हव्वा यांनीं सर्पाच्या बोलण्यास भुलून निषिद्ध वृक्षाचें फळ खाल्लें व एदेन बागेंतून त्यांस घालविण्यांत आलें. सर्प म्हणजे सैतान असें त्या अध्यायांत म्हटलेलें नाहीं. ती जोड मागाहूनची. पुढें पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत, एका मनुष्याच्या द्वारें पाप जगांत शिरलें व पापाच्या द्वारें मरण, असा सिद्धान्त मांडिला. येथें एक पाठाचा प्रश्न उद्भवतो. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘कारण सर्वांनीं पाप केलें’ असा बहुतेक पंडित करितात. जुन्या लॅटिन भाषांतरावरून मात्र ‘ज्याच्या ठायीं सर्वांनीं पाप केलें’ असा अर्थ निघतो. ऑगस्टिन (इ. स. ३५४–४३०) यानें लॅटिन पाठ घेतला, आणि आदामाच्या ठायीं सर्व मनुष्यजात अपराधी झाली या आपल्या मतास त्याचा आधार दिला. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील मंडळीनें मर्त्यता वारशानें येते एवढें मानिलें; अपराधहि वारशानें येतो हें तिला मान्य झालें नाहीं. एका पदाच्या अर्थानें केवढें अंतर पडतें, हें पोथ्या ताडून पहाणारांस आम्हीं सांगावयास नको. रोमन मंडळीनें १५४६ सालीं ट्रेंट येथील परिषदेंत वारशाचें मत ठरावानें कायम केलें.

आतां नीळकंठशास्त्री. यांचा जन्म १८२५ सालीं झांशीजवळ झाला व अध्ययन काशींत झालें. जॉन म्यूर यानें ‘मतपरीक्षा’ नांवाचा संस्कृत ग्रंथ १८३९ त कलकत्त्यास छापून हिंदु मतावर आक्षेप घेतले होते. त्याच्या उत्तरादाखल नीळकंठशास्त्र्यांनीं १८४४ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचिला. ईश्वर न्यायी आहे, तर जन्मतःच कोणी सुखी व कोणी दुःखी कां? पूर्वकर्म न मानणारास याचें समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं, हा त्यांचा मुख्य रोख. याला आधार ब्रह्मसूत्रांचा आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत ईश्वरावरील वैषम्याचा व निर्दयतेचा दोष कर्मसापेक्षतेनें निवारिला असून, पहिलें कर्म कोठून आलें या शंकेस संसार अनादि आहे असें उत्तर दिलें आहे. आचार्यांनीं तेथें बीजांकुराचा दृष्टान्त योजिला.

आणि चारच वर्षांनीं, १८४८ त, याच शास्त्र्यांनीं जौनपुरास बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें! पुढें ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथांत (१८६०) त्यांनीं अनादि कर्माच्या त्याच कल्पनेवर हल्ला चढविला. कर्मास देह हवा, देहास कर्म हवें. अशी परंपरा कितीहि मागें नेली तरी कारण सांगितलें असें होत नाहीं, हा त्या पक्षाचा आक्षेप. आमच्या मतें येथें दोन्ही पक्ष सारखेच अडतात. आरंभ मानावा, तर निर्मळ आदामास दुर्बुद्धि कां झाली हें सांगावें लागतें. न मानावा, तर प्रश्नच पुढें ढकलल्यासारखा होतो. धर्मांतराच्या निमित्तानें शास्त्र्यांची पुष्कळ निंदा व पुष्कळ स्तुति झाली आहे. दोहोंतहि त्यांचा पहिला ग्रंथ फारसा कोणीं वाचलेला दिसत नाहीं, आणि हा अन्याय आहे. कारण त्या वयांत तसा पूर्वपक्ष मांडणें सोपें नव्हे.

शास्त्री १८९५ सालीं मुंबईस वारले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं संपादून उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेकडून १९५१ त प्रसिद्ध केला. त्यावरील आमचीं टिपणें २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरांत भिजून गेलीं. वरील मजकूर उरलेल्या पानांवरून व स्मरणावरून पुन्हां जुळविला आहे. या ग्रंथाची एखादी जुनी प्रत किंवा सुटीं पानें कोणाच्या दप्तरांत असल्यास, लेखनकालासह त्यांनीं मंडळास कळवावें, अशी विनंति आहे.